एका रुपयाला बत्तीस फुरशी

दिल्लीच्या नागांची गोष्ट ठाऊक नसलेला इतिहासप्रेमी आज विरळाच. इंग्रजांच्या काळात दिल्लीत नागांचा सुळसुळाट झाला. सरकारने मेलेल्या नागामागे बक्षीस लावले. आरंभी योजना फळली. मग काही बिलंदर लोकांनी बक्षिसाच्या लोभाने घरीच नाग पाळून वाढवायला सुरुवात केली. सरकारला सुगावा लागला, बक्षीस बंद झाले, आणि पाळणाऱ्यांनी निरुपयोगी ठरलेले नाग मोकळे सोडले. परिणामी दिल्लीत पूर्वीपेक्षाही अधिक नाग झाले. गोष्ट संपली. ती चार ओळींत मावते, शेवटी हसू येते आणि वर अर्थशास्त्राचा एक धडाही पदरात पडतो.

उणीव एकच. हे सारे असे घडल्याचा पुरावा ही गोष्ट सांगणाऱ्यांपैकी कोणी देत नाही.

हा धागा त्या उणिवेविषयी आहे. आणि त्याहून अधिक, त्या गोष्टीने झाकून टाकलेल्या दुसऱ्या एका इतिहासाविषयी. तो दिल्लीत घडला नाही, कोकणात घडला. त्यात नाग नाही, फुरसे आहे. त्यात आकडे आहेत, आणि ते दिल्लीच्या दंतकथेहून कितीतरी चक्रावून टाकणारे आहेत.

प्रथम दंतकथेचा समाचार घ्यावा. कोणत्याही ऐतिहासिक 'गमती'ला पहिला प्रश्न विचारायचा तो सालाचा. दिल्ली इंग्रजांच्या हाती आली १८०३ मध्ये, आणि इंग्रज देशातून गेले १९४७ मध्ये. या १४४ वर्षांतील नेमके कोणते वर्ष? बक्षीस किती आण्यांचे? हुकूम कोणाच्या सहीचा? पाळलेले नाग कोणत्या मोहल्ल्यात सापडले? 'ब्रिटिश काळात' हे दोन शब्द सोडले तर गोष्ट यांपैकी कशाचेही उत्तर देत नाही. ज्या गोष्टीला साल नाही, माणसाचे नाव नाही आणि गल्ली नाही, तिला इतिहास म्हणण्यापूर्वी थोडे थांबायला हवे. पंचतंत्रातल्या गोष्टीही 'कोण्या एका नगरात' घडतात. पण पंचतंत्र स्वतःला इतिहास म्हणवीत नाही.

या गोष्टीला आज जे नाव आहे ते मात्र साल-तारखेसह सांगता येते. होर्स्ट झीबर्ट या जर्मन अर्थशास्त्रज्ञाचे 'डेर कोब्रा-एफेक्ट' हे पुस्तक २००१ मध्ये निघाले. आर्थिक धोरणे उलटी कशी फिरतात, हा त्याचा विषय. नागांचा किस्सा त्याने दाखला म्हणून वापरला, आणि तेव्हापासून 'कोब्रा इफेक्ट' हा शब्दप्रयोग व्यवस्थापनाच्या वर्गांतून, भाषणांतून आणि चित्रफितींतून जगभर फिरू लागला. अर्थशास्त्रज्ञाला दाखला हवा असतो, अभिलेखागारात जाण्याची त्याच्यावर सक्ती नसते. तक्रार त्याच्याविषयी नाही. तक्रार आहे ती त्यानंतरच्या वीस-पंचवीस वर्षांत हाच दाखला इतिहास म्हणून पुढे सरकवणाऱ्या प्रत्येकाविषयी, आणि त्यांत स्वतःला इतिहासाचे अभ्यासक म्हणवणारेही थोडे नाहीत.

गोष्टीत खरे काहीच नाही, असे मात्र नव्हे. सापांवरील बक्षिसे खरी होती. कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजातील शस्त्रक्रियेचे प्राध्यापक जोसेफ फेररने १८७२ मध्ये हिंदुस्थानातील विषारी सापांवर 'थॅनॅटोफिडिया' हा रंगीत चित्रांचा भव्य ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यासाठी त्याने प्रांतोप्रांतीच्या सरकारांकडून १८६९ या एका वर्षातील सर्पदंशाच्या मृत्यूंचे आकडे मागवले. सगळा देश त्यात आला नव्हता, तरी बेरीज ११,४१६ भरली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत सरकारी अहवालांत हा आकडा वर्षाला वीस हजारांच्या घरात राहिला. सरकारपुढे प्रश्न खरा होता, आणि मेलेल्या सापामागे पैसे हा त्याला सुचलेला स्वस्त उपाय होता. लोक साप पाळून पैसे उकळतील, हा संशयही त्या काळी व्यक्त झालेला आहे. पण संशय म्हणजे पुरावा नव्हे. आणि पाळलेले नाग मोकळे सोडल्याने शहरातील नाग वाढले, हा जो गोष्टीचा प्राण, तो तर संशयाच्याही पलीकडचा आहे. साप मोजायला तेव्हा दिल्लीत कोण फिरत होते?

थोडा विचार सापाच्या बाजूनेही करावा. नागाची मादी एका वेळी साधारण डझन-दोन डझन अंडी घालते. ती उबायला दोन महिने लागतात. पिल्लू अंड्यातून बाहेर पडते तेच विष घेऊन, आणि पुरते वाढायला त्याला काही वर्षे लागतात. या काळात त्याला बेडूक, उंदीर पुरवायचे, आणि एकाने दुसऱ्याला गिळू नये म्हणून वेगळे ठेवायचे. काही आण्यांसाठी हा व्यवसाय करणारा माणूस बिलंदर नव्हे, भोळा म्हणावा लागेल. गाभण मादी पकडून तिची अंडी उबवायची आणि पिल्लांमागे बक्षीस मागायचे, एवढे एखाद्या गारुड्याला जमले असते. तेवढे शक्य मानावे. पण घरोघरी नागांचे गोठे आणि मग एके रात्री साऱ्या शहरात सुटलेले नाग, हे दृश्य चित्रपटाला शोभेल.

मग ही गोष्ट इतकी टिकली कशी? ती मजेदार आहे, हे उत्तर अपुरे आहे. मजेदार गोष्टी रोज मरतात. या गोष्टीत दोनच पात्रे आहेत: एक हेतूने चांगले पण भाबडे सरकार, आणि दुसरी लबाड प्रजा. सरकारने भल्यासाठी पैसा दिला, प्रजेने त्यात चोरी केली. साप चावून कोण मेले, किती मेले, कोठे मेले, याचा गोष्टीत उल्लेखच नाही. वर्षाला वीस हजार मृत्यू गोष्टीतून निघून गेले आणि उरले ते नाग पाळणाऱ्यांचे कपट. म्हणूनच आज कोणत्याही अनुदानाची, कोणत्याही मदतीची चर्चा निघाली की कोणीतरी हा किस्सा काढतो: लोकांना पैसे दिले की लोक फसवतातच, पाहा, दिल्लीत काय झाले. जे घडल्याचे ठाऊक नाही त्याच्या आधारे आज जिवंत असलेल्या माणसांवर आरोप ठेवला जातो. अशा ठिकाणी 'गंमत म्हणून सांगितले' हा बचाव फार तोकडा पडतो.

अशा गमतींचे एक गोत्रच आहे. इंग्लंडमधले उदाहरण घ्यावे. १७५२ मध्ये ब्रिटनने नवी दिनदर्शिका स्वीकारली. बुधवार, २ सप्टेंबरनंतर थेट गुरुवार, १४ सप्टेंबर उजाडला. आपल्या आयुष्यातले ११ दिवस सरकारने चोरले असे समजून अडाणी जमावाने दंगली केल्या, असे पिढ्यान्‌पिढ्या छापले गेले. दंगलींचा पुरावा शोधू गेल्यास तो विल्यम होगार्थच्या एका चित्रापाशी येऊन थांबतो. निवडणुकीच्या मेजवानीचे ते उपहासचित्र १७५५ च्या सुमाराचे. त्यात जमिनीवर पडलेल्या एका फलकावर अकरा दिवस परत मागणारी घोषणा आहे. चित्रातल्या व्यंगाचा पुढे इतिहास झाला. आता खरी गंमत पाहावी. हिशेबाचे वर्ष २५ मार्चला संपे. दिनदर्शिकेतून ११ दिवस गळाल्यावर ब्रिटिश खजिन्याने आपला हिशेब तेवढेच दिवस पुढे, ५ एप्रिलला नेला. ब्रिटनचे करवर्ष आजही ६ एप्रिलला सुरू होते, त्याचे मूळ येथे आहे. म्हणजे अकरा दिवसांचा हिशेब चोख वसूल केला तो सरकारने, आणि अडाणीपणाचा शिक्का बसला तो जमावावर.

दिल्लीच्या गोष्टीची बाजू घेणारे येथे हनोईचे नाव घेतात, आणि ते रास्त आहे. हनोईत तसे खरोखर घडले होते. मायकेल व्हॅन या इतिहासकाराने फ्रेंच वसाहतींच्या दप्तरांतून ते शोधून काढले. साल १९०२. फ्रेंचांनी हनोईत आपल्या वस्तीखाली आधुनिक गटारे बांधली होती, आणि त्या अंधाऱ्या, उबदार, शत्रुविरहित नळांत उंदरांची अपार वाढ झाली. उंदरांतून प्लेग पसरतो हे तोवर कळू लागले होते. आधी मजुरांना गटारांत उतरवून उंदीर मारवले गेले. एका दिवसात वीस हजारांहून अधिक, इथपर्यंत मजल गेली. तरीही उंदीर संपेनात, म्हणून सर्वांसाठी शेपटीमागे एक सेंट बक्षीस लागले. मग शहरात बिनशेपटीचे उंदीर हिंडताना दिसू लागले, आणि शहराबाहेर उंदीर पोसले जात असल्याचे उघडकीस आले. बक्षीस बंद झाले.

पण येथेही किस्सा सांगणारे शेपट्या तेवढ्या उचलतात आणि गटारे जागीच ठेवतात. उंदरांची पहिली आणि सर्वांत मोठी पैदास व्हिएतनामी लोकांनी केली नव्हती. ती फ्रेंच अभियंत्यांनी आपल्या वस्तीच्या सोयीसाठी बांधलेल्या नळांत झाली होती. ज्या मजुरांनी त्या घाणीत उतरून दिवसाला हजारोंनी उंदीर मारले, त्यांचे नाव कोणत्याही 'इफेक्ट'ला मिळाले नाही.

इंग्रजी अमलात बक्षीस-योजना फसल्याचा पक्का, तारीखवार दाखला हवाच असेल, तर तो दिल्लीत शोधण्याचे कारण नाही. तो मुंबईच्या फोर्टात आहे. मोकाट कुत्री मारण्याची मुभा पोलिसांना १८१३ च्या नियमाने वर्षातल्या ठराविक दिवसांपुरती होती. १८३२ मध्ये ती मुदत १५ जूनपर्यंत वाढवण्यात आली, आणि कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस मिळू लागले. आठ आणे म्हणजे अर्धा रुपया. शिपायाच्या दृष्टीने ही रक्कम क्षुल्लक नव्हती. रस्त्यावरची कुत्री पुरेनात तेव्हा घरात शिरून पाळलेली कुत्री ओढून नेऊन मारली जाऊ लागली. पारशी धर्मात कुत्र्याला मान आहे. मृत्यूनंतरच्या विधीत प्रेताला कुत्र्याची दृष्टी घडवावी लागते. ६ जून १८३२ रोजी पारशांच्या पवित्र दिवशी पोलीस कुत्री मारीत असता जमाव त्यांच्यावर धावून गेला. दुसऱ्या दिवशी फोर्टातली दुकाने बंद. पारशांच्या जोडीला हिंदू, जैन व इस्माइली व्यापारीही उतरले. कुलाब्याच्या छावणीकडे जाणारी रसद अडवली गेली, एका न्यायाधीशाच्या बग्गीवर घाण आणि मेलेले उंदीर फेकले गेले, शेवटी लष्कर बोलवावे लागले. पुढे कुत्री मारण्याऐवजी शहराबाहेर नेऊन सोडण्याचे ठरले.

म्हणजे बक्षिसासाठी लबाडी झाली हे खरे. ती केली सरकारच्याच शिपायांनी, आणि प्रजेने ती थांबवली. या घटनेला साल आहे, तारीख आहे, ठिकाण आहे, खटले आहेत. तरीही मुंबईतल्याच किती शाळकरी मुलांना ती ठाऊक आहे? दिल्लीचे नाग मात्र त्यांतल्या बहुतेकांना ठाऊक असतात.

आता कोकणात यावे.

रत्नागिरीचा सडा ज्याने पाहिला आहे त्याला फुरशाची ओळख करून देण्याची गरज नाही. इतरांसाठी सांगायचे तर, हा हात-दीड हाताचा, मातकट रंगाचा, खरखरीत खवल्यांचा साप. जांभ्या दगडाच्या कातळावर दगड उलटावा आणि खाली तो असावा, इतका तो तिथे मुबलक. डिवचला की इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी वेटोळी करतो आणि अंगावरचे खवले एकमेकांवर घासून करवतीसारखा आवाज काढतो. तो फणा काढत नाही, त्याची पूजा होत नाही, त्याच्या नावाने सण नाही. नागपंचमीच्या पाटावर त्याला जागा नाही. गवत कापणारा, लाकूडफाटा गोळा करणारा, काळोखात अनवाणी चालणारा माणूस त्याला भेटतो. त्याच्या विषाने रक्ताची गोठण्याची शक्ती नष्ट होते. नागाच्या विषाने माणूस काही तासांत जातो; फुरशाचा दंश झालेला कित्येकदा दिवसेंदिवस झिजतो, हिरड्यांतून, लघवीतून, जुन्या जखमांतून रक्त जात राहते, आणि मग मरतो.

या फुरशावर रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी बक्षीस होते. १८६२ मध्ये ते वाढवून पाहिले गेले, तेव्हा आठ दिवसांत १,१५,९२१ साप मारून आणले गेले. आठ दिवसांत, एका जिल्ह्यात. पुढे बक्षीस सहा पैंवर, म्हणजे अर्ध्या आण्यावर होते, तेव्हाही सहा वर्षांची सरासरी वर्षाला २,२५,७२१ फुरशी अशी पडली. ही सरासरी नोंदवणारा जी. डब्ल्यू. व्हिडाल हा मुंबई इलाख्यातला सनदी अधिकारी होता. निसर्गाचा तो डोळस अभ्यासक; दक्षिण कोकणातल्या पक्ष्यांची पहिली शास्त्रीय यादीही त्याचीच.

आकड्यांचा हिशेब मांडून पाहावा. रुपयाचे सोळा आणे. अर्ध्या आण्याला एक म्हणजे रुपयाला बत्तीस फुरशी. वर्षाचा खर्च सात हजार रुपयांच्या आसपास. बत्तीस वेळा दगड उलटायचा, बत्तीस वेळा हात त्या सापाजवळ न्यायचा, तेव्हा एक रुपया. हा पैसा कमावणारे कोण असतील, हे सांगायला दप्तराची गरज नाही. ज्यांना तेच गवत रोज कापायचे होते, तेच ते.

दिल्लीच्या गोष्टीवर पोसलेला वाचक येथे लगेच विचारेल: दोन लाख? मग नक्कीच पाळले असणार! या एका प्रश्नातच दंतकथेने केलेले नुकसान दिसते. फुरसे पाळण्याची गरजच नव्हती. कातळ त्यांनी भरलेला होता. फुरशाची मादी अंडी घालत बसत नाही. ती थेट पिल्लांना जन्म देते, एकेका वेळी बरीच. जिल्ह्याचा विस्तार, कातळाचे क्षेत्र आणि ही पैदास ध्यानात घेतली तर दोन लाख हा आकडा लबाडीशिवाय सहज समजतो. योजना फसायला कोणी चोर लागला नाही. लोकांनी प्रामाणिकपणे साप मारले, सरकारने मोजले, पैसे दिले, आणि पुढच्या वर्षी तितकेच साप पुन्हा आले. फुरसे आजही रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या सड्यांवर आहे.

ही गोष्ट दिल्लीच्या गोष्टीसारखी सुबक नाही. तिच्यात कोणी हुशार नाही, कोणी मूर्ख नाही. म्हणूनच ती कोणी सांगत नाही, आणि म्हणूनच ती सांगायला हवी. दिल्लीची गोष्ट म्हणते की बक्षीस फसते ते माणसाच्या स्वभावामुळे. रत्नागिरीचे आकडे म्हणतात की सरकारला सापाचे जीवनच माहीत नव्हते. पहिल्या गोष्टीतून निघणारा उपाय म्हणजे लोकांवर पहारा. दुसरीतून निघणारा उपाय म्हणजे अभ्यास, आणि तो खर्चिक असतो.

व्हिडालने तो अभ्यास केला. १८९० मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात त्याने उत्तर कानड्यातील विषारी सापांची यादी छापली, आणि तिच्या जोडीने मुंबई इलाख्यातील सर्पदंशाच्या मृत्यूंचे आकडे किती सदोष आहेत याची चिकित्सा केली. त्याचे म्हणणे साधे होते. उत्तर कानड्यात नाग, मण्यार भरपूर, फुरसे विरळ. तिथे सर्पदंशाने मरणारे थोडे. रत्नागिरीत फुरसे बेसुमार; तिथे मरणारे पुष्कळ. तेव्हा या इलाख्यात माणसे मारणारा मुख्य साप नाग नसून फुरसे आहे. फेररच्या बंगाली अनुभवातून तयार झालेल्या समजुतीला हा सरळ छेद होता. त्या समजुतीत नाग हाच मुख्य मारेकरी होता. नाग दिसायला राजबिंडा, चित्रात शोभणारा, गारुड्याच्या टोपलीतून युरोपापर्यंत पोहोचलेला. कोकणातल्या दगडाखालचे फुरसे कोण पाहणार?

नाग डोळ्यांसमोर आणि बाकीचे साप आडोशाला, या सवयीचा परिणाम पुढे औषधावरही झाला. १८९० च्या दशकात अल्बेर काल्मेत या फ्रेंच शास्त्रज्ञाने सर्पविषावरचे पहिले प्रतिविष तयार केले, ते नागाच्या विषापासून. ते सर्वच सापांवर चालेल, असा त्याचा दावा होता. इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील जॉर्ज लँब या डॉक्टराने विसाव्या शतकाच्या आरंभी प्रयोगांती दाखवले की हे प्रतिविष घोणसाच्या विषावर निष्प्रभ ठरते. ज्या सापाचा दंश, त्याच सापाचे प्रतिविष हवे. आज भारतात मिळणारे प्रतिविष चार सापांच्या विषांपासून बनते: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. चौघांत शेवटी का होईना, फुरशाला जागा मिळाली.

आणि येथे इतिहासाने एक वळण घेतले आहे, ते कोणत्याही 'अद्भुत माहिती'च्या पानावर शोभेल. प्रतिविषासाठी लागणाऱ्या विषाचा मोठा वाटा तमिळनाडूतल्या इरुळा आदिवासींच्या सहकारी संस्थेतून येतो. हे लोक पूर्वी सापांच्या कातड्यांच्या व्यापारासाठी साप मारीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर तो धंदा बंद पडला, आणि १९७८ मध्ये ही संस्था उभी राहिली. आता ते साप जिवंत पकडतात, काही आठवडे ठेवून विष काढतात आणि पुन्हा रानात सोडतात. सापाच्या मोबदल्यात पैसे, आणि मग साप मोकळा: दिल्लीच्या गोष्टीतले दोन्ही भाग येथे आहेत. फक्त हे खरे आहे, आणि यातून माणसे वाचतात.

तरीही पुरेशी वाचत नाहीत. एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशागणिक बदलते, हे संशोधनाने दाखवले आहे. एका प्रांतातल्या विषापासून केलेले प्रतिविष दुसऱ्या प्रांतात तितकेच लागू पडेल याची खात्री नसते. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक अभ्यासाने २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावल्याचा अंदाज मांडला. वर्षाला सरासरी ५८ हजार. बहुतेक खेड्यांतली, आणि बरीचशी रुग्णालयात न पोहोचता गेलेली. रुग्णालयाच्या वहीत जे आले नाहीत ते सरकारी आकड्यातही आले नाहीत, म्हणून सरकारी आकडे या अंदाजाच्या जवळपासही नाहीत. व्हिडालची तक्रार नेमकी हीच होती.

दिल्लीच्या नागांची गोष्ट सांगणाऱ्यांचे शेवटचे म्हणणे ठरलेले असते: घडली नसेल, पण तात्पर्य तर खरे आहे ना? तात्पर्य खरे असेल तर त्याला हनोईचा दाखला पुरतो, मुंबईचा पुरतो. खोट्या दाखल्याची गरज लागते ती तात्पर्यासाठी नाही, लबाड देशी माणूस दाखवण्यासाठी. आणि कोणी म्हणेल, दोन-चार ओळींच्या करमणुकीला एवढे सोलून काढायचे कारण काय. तर त्या दोन-चार ओळी लाखोंनी वाचल्या जातात, आणि रत्नागिरीचे आकडे एका जुन्या नियतकालिकाच्या पिवळ्या पानांत पडून राहतात.

जागतिक आरोग्य संघटनेने सर्पदंशाची गणना उपेक्षित उष्णकटिबंधीय आजारांत केली २०१७ मध्ये. भारत सरकारने सर्पदंशाचे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला मार्च २०२४ मध्ये. आणि प्रत्येक दंशाची, प्रत्येक मृत्यूची नोंद व्हावी म्हणून सर्पदंश हा अधिसूचित आजार करावा, असे केंद्राने राज्यांना कळवले त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात. आकडे सदोष आहेत, आधी ते नीट करा, असे सांगणारा व्हिडालचा लेख तेव्हा १३४ वर्षांचा झाला होता.